ढगफुटी, ढगफुटीसदृश आणि अतिवृष्टी

प्रश्न

पावसाळा आला की बातम्यांत 'ढगफुटीसदृश पाऊस' हा शब्द हमखास दिसतो. ही ढगफुटीच असते की तिच्याहून कमी काही? गावाकडे पंचनाम्याच्या कागदावर मात्र 'अतिवृष्टी' लिहिलेलं असतं. भूगोल शिकवताना मुलं विचारतात, पाऊस एकच तर नावं तीन का?

उत्तर

यातल्या दोन शब्दांना मोजमाप आहे, तिसऱ्याला नाही. घोळ तिथूनच सुरू होतो.

साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, तर भारतीय हवामान विभाग त्याला ढगफुटी म्हणतो. दिवसभरात किती पडला याचा इथे संबंध नाही. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर पाणी. मुलांना फळ्यावर गुणाकार करायला लावा: २० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर म्हणजे २०० कोटी लिटर, तेही एका तासात. डोंगराळ भागात एवढं पाणी एकदोन ओढ्यांतूनच खाली उतरतं.

'फुटी' या शब्दाने मात्र चुकीचं चित्र उभं राहतं. ढग म्हणजे फाटून रिकामी होणारी पखाल नव्हे. उष्ण, दमट हवा वेगाने वर चढते, वर गार होते आणि बाष्पाचे थेंब बनतात. वर जाणारा झोत जोरात असतो तोवर हे थेंब खाली येऊ शकत नाहीत; एकमेकांत मिसळून मोठे होत राहतात. झोत कमी पडला की हे सगळं पाणी थोडक्या वेळात कोसळतं. असे गर्जामेघ १२ ते १५ किलोमीटर उंचीपर्यंत जाऊ शकतात. डोंगराचा उतार दमट हवेला वर ढकलतो, म्हणून हिमालयात ढगफुटी जास्त होते.

२०१३ सालच्या केदारनाथच्या आपत्तीला आजही सर्रास ढगफुटी म्हटलं जातं. तिथे पाऊस काही दिवस सलग पडत होता आणि १७ जूनला वरचा चोराबारी तलाव फुटला. एका तासाच्या पावसाचं ते काम नव्हतं. चुकीच्या नावामुळे लोक कारणही चुकीचं समजून बसतात, हे मला फार खटकतं.

आता 'ढगफुटीसदृश'. याला कोणतंही मोजमाप नाही. तासाचा आकडा हाती नसताना बातमीदार हा शब्द वापरतात. त्यांची अडचण खरी आहे, कारण नेमक्या त्या टापूत पर्जन्यमापक असेलच असं नाही. पण आकडा असेल तर तोच द्यावा, नसेल तर 'तासभर कोसळला' लिहावं. तेवढ्याने वाचकाला कळतं. 'सदृश'मुळे भीती तेवढी वाढते, माहितीत भर काहीच पडत नाही.

अतिवृष्टी हा तिघांत जुना शब्द. संस्कृत श्लोकात पिकांवरच्या सहा संकटांना 'ईति' म्हटलंय. त्यांत अतिवृष्टी पहिली आणि अनावृष्टी दुसरी. उंदीर, टोळ, पोपट त्यांच्यामागून येतात. तिथे अर्थ सरळ आहे: पीक बुडवणारा पाऊस.

आज मात्र महाराष्ट्रात महसूल खातं २४ तासांत महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतं. हवामान विभागाच्या वर्गवारीत ६४.५ पासून ११५.५ पर्यंतचा पाऊस नुसता 'मुसळधार' ठरतो, २०४.४ पर्यंत 'अतिमुसळधार', आणि त्यापुढच्याला वर्तमानपत्रं पुष्कळदा 'अतिवृष्टी' म्हणतात. म्हणजे ७० मिलिमीटरचा पाऊस तलाठ्याच्या कागदावर अतिवृष्टी, तर हवामानाच्या बातमीत मुसळधार! म्हणून अतिवृष्टी वाचली की आधी पाहावं, शब्द कोणाचा आहे.

आणखी एक. पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. मोजणी सकाळी साडेआठला होते. आजच्या तारखेचा आकडा बहुतांशी कालच्या पावसाचा असतो.

प्रतिसाद

सर, आमच्या मंडळाच्या केंद्रावर पाऊस पासष्टच्या आत राहिला. नाल्यापलीकडच्या शिवारात मात्र सोयाबीन मातीसकट वाहून गेलं. लोक म्हणाले, आभाळ फाटलं. कागदावर अतिवृष्टी नाही. याला काय म्हणायचं?

उत्तर

दादा, तुमच्याकडचे लोक बरोबर बोलले. एवढा जोराचा पाऊस लहान टापूत पडतो आणि केंद्र एका जागी उभं असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. एकाच मुंबईत ही तफावत! 'महावेध' या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या प्रकल्पाची केंद्रं राज्यात दोन हजारांवर आहेत, तरी एका मंडळात कितीतरी गावं येतात. केंद्रावरचा आकडा खोटा नसतो, पण तो केंद्रापुरता असतो. तेव्हा अर्जात 'ढगफुटी' लिहू नका, ती सिद्ध करायला तासाचा आकडा लागेल. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पडला, नाल्याचं पाणी कुठवर चढलं, किती माती गेली, ते लिहा. वाहून गेलेल्या जमिनीची नोंद पंचनाम्यात वेगळी करून घ्या.

प्रतिसाद

विदर्भात आम्ही 'झड' म्हणतो. तीनचार दिवस ऊन नाही, जोर नाही, पण थांबतही नाही. कापूस पिवळा पडतो. ही अतिवृष्टीत बसते का?

उत्तर

६५ च्या मापात बसत नाही, कारण एका दिवसाचा आकडा लहान असतो. नुकसान होतं ते मुळांशी पाणी साचून, हवा न मिळाल्याने. २०२३ साली राज्य सरकारने 'सततचा पाऊस' ही वेगळी आपत्ती मानली. तिच्या निकषांत ओळीने ५ दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस ही अट आहे. तुमच्या 'झड'ला सरकारी कागदात सगळ्यात जवळचं नाव तेच.