‘किंग ऑफ द डेड’ : तो कर्कश आवाज दोष आहे की अल्बमचा प्राण?

खर्ज (धागालेखक)

सिरिथ उंगोल हा कॅलिफोर्नियातील व्हेंचुरा शहराचा हेवी मेटल बँड. टोल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत महाकाय कोळीण ज्या खिंडीत दबा धरून बसते, त्या खिंडीचे नाव या मंडळींनी १९७०च्या दशकाच्या आरंभीच घेतले. त्यांचा दुसरा अल्बम ‘किंग ऑफ द डेड’ १९८४ साली आला. व्यावसायिक यश त्यांना कधीच मिळाले नाही आणि १९९२ मध्ये बँड मोडला. तरीही या अल्बमवर जीव टाकणारे श्रोते जगभर टिकून राहिले. या अल्बमविषयी बोलणे निघाले, की गायक टिम बेकर यांच्या चिरक्या, घशातून ओरबाडून काढलेल्या आवाजावर गाडी अडतेच. ‘संगीत उत्तम, पण गायक सहन होत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की त्याचा प्रतिवाद सविस्तर करणे मला आवश्यक वाटते.

माझे म्हणणे असे, की या अल्बममधले जग विजयी वीरांचे नाही. ‘ॲटम स्मॅशर’मध्ये उद्ध्वस्त झालेले भविष्य आहे, ‘डेथ ऑफ द सन’ या शीर्षकातच सूर्याचा अंत आहे, आणि शीर्षकगीत तर मेलेल्यांच्या राजाविषयी आहे. अशा विझत चाललेल्या जगाची वार्ता घोटीव, भरदार आवाजात सांगितली असती, तर ती खोटी वाटली असती. बेकर गातात तेव्हा निवेदक दुरून गोष्ट सांगत नाही, तो त्या विनाशात सापडलेला असतो. कल्पनारम्य मेटलमध्ये तलवारी आणि राक्षसांची वर्णने करणारे पुष्कळ आहेत. भीती गळ्यातून उमटवणारे फार थोडे आहेत.

निषाद

आपल्या मताचा आदर राखून स्पष्ट विरोध नोंदवतो. आशय भयाण आहे, म्हणून गायन बेसूर असले तरी चालेल, हा युक्तिवाद कोणत्याही उणिवेला लागू करता येईल. मग टीका करण्याजोगे काही उरतच नाही.

तुलनेसाठी कॅन्ससमधील विचिटा शहराच्या मॅनिला रोड या मेटल बँडचा ‘क्रिस्टल लॉजिक’ हा अल्बम घ्या. तो १९८३ सालचा, म्हणजे याच काळातला, आणि तोही मोठ्या कंपनीचे पाठबळ नसताना झालेला. त्यांचे गायक मार्क शेल्टन यांचा आवाजही नाकातला आणि रूढ अर्थाने गोड नसलेला. पण शब्दाला कुठे वजन द्यायचे आणि कुठे मागे सरकायचे, हे त्यांना नेमके ठाऊक होते. बेकर मात्र पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत जवळपास एकाच ताणाने किंचाळतात. शिवाय संगीतकार बाखची ऑर्गनसाठीची ‘टोकाटा’ ही शब्दांविना रचना गिटारवर वाजवून घातली आहे, ती मला भरतीची वाटते. दुर्मिळ तबकडी वर्षानुवर्षे शोधून मिळवली, की तिच्याविषयी माया उत्पन्न होते. या अल्बमच्या कीर्तीत त्या मायेचा वाटा मोठा आहे.

शिलालेख

माझा आक्षेप वेगळा आहे. या अल्बमची कल्पनारम्यता बरीचशी उसनवारीची आहे. नाव टोल्कीनकडून घेतलेले. कव्हरवरचे मायकेल व्हेलन यांचे चित्र मुळात कल्पनारम्य कथालेखक मूरकॉक यांच्या एल्रिक-मालिकेतील पुस्तकासाठी काढलेले. पुढच्या अल्बमांवरही त्यांचीच एल्रिक-चित्रे आहेत. ती चित्रे इतकी प्रभावी आहेत, की ऐकणारा गाण्यात नसलेले बरेच काही चित्रातून घेऊन त्यात भरतो.

खर्ज

शिलालेख, चित्र उसने आहे हे खरे, पण निवड उसनी नाही. एल्रिक हा दुबळ्या प्रकृतीचा, आत्मे पिणाऱ्या तलवारीवर जगणारा आणि तिच्यापायीच आपली माणसे गमावणारा राजा आहे. त्या काळी पिळदार स्नायूंच्या योद्ध्याचे चित्र सहज लावता आले असते. यांनी वारंवार हा शापित नायक निवडला आणि संगीतही त्याच्याच प्रकृतीचे केले.

निषाद, ‘मास्टर ऑफ द पिट’ एकदा गायनाकडे लक्ष न देता ऐकावे, अशी विनंती आहे. सुमारे सात मिनिटांच्या या गाण्यात जेरी फोगल यांची गिटार इतका वेळ बोलत राहते, की गायक जणू तिच्या अवकाशात पाहुणा म्हणून येतो. रॉबर्ट गार्व्हेन यांचे ड्रम्स घाई करत नाहीत; रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, जड पावलांनी चालतो आणि एकल गिटारवादन (सोलो) त्याच्यावर घिरट्या घालते. हे ऐकल्यावर ‘टोकाटा’ भरतीची वाटणार नाही, कारण तीच गिटार तेथे शब्दांवाचून एकटी उभी आहे. फोगल १९९८ साली वारले. पुढे बँडची कीर्ती वाढली ती त्यांना पाहायला मिळाली नाही, याची मला फार हळहळ वाटते.

निषाद

फोगल यांच्याविषयी दुमत नाही. पण आपण गिटारची बाजू मांडलीत, आवाजाची नव्हे. गायक पाहुणा आहे म्हणून गाणे चांगले, हे तर माझ्याच पक्षाचे विधान झाले. आता एक कसोटी सुचवतो. बँड २०१५ नंतर पुन्हा उभा राहिला आणि २०२० मध्ये ‘फॉरएव्हर ब्लॅक’ हा अल्बम आला. त्याचे ध्वनिमुद्रण स्वच्छ व भरीव आहे, आणि जुने चाहतेही त्याचे कौतुक करतात. मग ‘किंग ऑफ द डेड’चा खडबडीतपणा अपरिहार्य होता, असे कसे म्हणता येईल?

खर्ज

खडबडीत मुद्रण अपरिहार्य होते, असे मी म्हटलेले नाही. ते पैशांच्या आणि साधनांच्या मर्यादेतून आले. आवाजाची गोष्ट वेगळी. ‘फॉरएव्हर ब्लॅक’मध्ये साधने सुधारली, मधे जवळजवळ तीन दशके गेली, तरी बेकर तसेच गातात. ज्याला गोड गाता येत नाही म्हणून तो ओरडतो, अशा माणसाचे हे गायन असते, तर एवढ्या वर्षांनी त्याने ते झाकण्याचा प्रयत्न केला असता. ‘डेथ ऑफ द सन’च्या वेगात तो आवाज गिटारच्या वरच्या स्वरांना जाऊन भिडतो, ती जागा ऐका आणि तेथे शेल्टन यांचा आवाज बसला असता का, ते मला सांगा.

निषाद

तेथे बसला नसता, हे मान्य. शीर्षकगीताच्या संथ चालीत मात्र तो अधिक शोभला असता, या मतावर मी ठाम आहे.