सॅक्सोफोनवादक फॅटहेड न्यूमन गायक-पियानोवादक रे चार्ल्सकडे दहा वर्षं राहिला, हे चुकलंच ना?

तिरकिट: डेव्हिड 'फॅटहेड' न्यूमन १९५४ मध्ये रे चार्ल्सच्या बँडमध्ये आला तो बॅरिटोन (खालच्या सुरांचा सॅक्सोफोन) वाजवायला. डॉन विल्करसन गेल्यावर टेनर, म्हणजे त्याहून वरच्या सुरांचा सॅक्स, त्याच्याकडे आला, आणि १९६४ पर्यंत तो तिथून हलला नाही. माझ्या मते निम्मी वर्षं वाया. नोव्हेंबर १९५८ मध्ये स्वतःचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला, त्याच्याही नावात 'रे चार्ल्स प्रेझेंट्स'! एवढ्या ताकदीच्या माणसाने रोज रात्री बारा बारांच्या (बार म्हणजे तालाचा ठरावीक मात्रांचा तुकडा) सोलोवर समाधान मानायचं?

रीडवाला: साफ असहमत. ब्लूजच्या बारा बारांच्या फेरीत गायकाची ओळ साधारण दोन बारांत संपते, पुढचे दोन मोकळे. म्हणजे ३-४, ७-८, ११-१२ या जागा सॅक्सच्या. तिथे भरणं ही वेगळी विद्या आहे. गायक कोमल गंधाराकडे झुकत असताना तुम्ही शुद्ध गंधार धरून बसलात की टक्कर झालीच. म्हणून षड्जावर किंवा पंचमावर उतरायचं, तेही पुढच्या ओळीच्या आधी अर्धा बार राखून. सोलो लांबवणारे पुष्कळ मिळतात हो, वेळेत थांबणारे विरळा.

तिरकिट: विद्या मान्य. पण सॅक्सवाला किंग कर्टिस बघा. १९५८ ला 'यॅकेटी यॅक'मध्ये दुसऱ्यांच्या गाण्यात वाजवलं, १९६२ ला स्वतःच्या नावाचं 'सोल ट्विस्ट' आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत पहिलं. त्याला दोन्ही जमलं.

रीडवाला: कर्टिस न्यूयॉर्कच्या स्टुडिओंतला माणूस. तीन तासांचं सेशन, युनियनचा ठरलेला दर, रेकॉर्ड कितीही खपो, साथीदाराला रॉयल्टी नाही. न्यूमन कायम दौऱ्यावरच्या बँडमध्ये. तुलना जुळत नाही.

मंद्रसप्तक: दोघेही हात आणि ओठ विसरताय. सॅक्सचे स्वर पियानोपेक्षा वेगळ्या पट्टीत लिहितात: गायकाला सोयीची पट्टी पियानोवर ई असेल, तर टेनरवर एफ शार्प, म्हणजे सहा शार्प (चढवलेले स्वर); आल्टोवर (टेनरहून वरच्या सुरांच्या सॅक्सवर) सी शार्प, सात. त्यात वाद्य बदललं की ओठांचा दाब बदलतो; बॅरिटोनवरून थेट आल्टो उचललं तर पहिले सूर हमखास खाली लागतात. शिवाय १९५८ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात रे चार्ल्सच्या बँडमध्ये फुंकणारे चारच: दोन ट्रंपेट, न्यूमन आणि बॅरिटोनवर हँक क्रॉफर्ड. एकाने चुकीच्या जागी श्वास घेतला की कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांतला) एक स्वरच गळतो. ही शाळा दहा वर्षांचीच असते.

तिरकिट: शाळेत दहा वर्षं राहणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात, ठाऊक आहे ना?

मंद्रसप्तक: तुम्ही नावं ठेवताय त्याच अल्बममधलं 'हार्ड टाइम्स' ऐका. रे चार्ल्स फक्त पियानोवर, गाणं नाहीच. आणि टेनरवाला म्हणून ओळखला जाणारा हा गडी तिथे आल्टो वाजवतोय.