घाटावर सायकल सरसकट बंद नको

सांगलीत कृष्णेच्या घाटावर सायकलींना पूर्ण बंदी घाला, असं इथे कुणीतरी सुचवलंय. मला नाही पटत. फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांची भीती खरी आहे. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला चार मीटर, आणि मागून आलेल्या सायकलचा आवाजही येत नाही. पण म्हणून शाळेच्या पोरांना गणपती पेठेतल्या टेम्पोंच्या गर्दीत ढकलायचं? सकाळी गर्दीच्या वेळेत उतरून सायकल हातात धरून न्यायची, एरवी घंटी वाजवत सावकाश जायचं, एवढा नियम पुरे. पूर ओसरल्यावर मात्र गाळ निघेपर्यंत बंदच ठेवा. २०१९ च्या पुरानंतर घाटाची फरशी किती निसरडी झाली होती ते आठवा. आणि मोटारसायकली घालणाऱ्यांना आधी आवरा! महापालिकेला असं निवेदन देणार असाल तर माझी सही धरा.