पद्मिनीचे इंजिन घरी उघडावे का?

कुर्ला_१०८९
माझी प्रीमियर पद्मिनी गेल्या पावसाळ्यापासून निळा धूर सोडू लागली आणि ऑइलही पिऊ लागली. "गाडी ठेवून जा, पिस्टनच्या नव्या रिंगा घालून देतो," असे गॅरेजवाल्याने सांगितले. मी गाडी ठेवली नाही. घराच्या आवारातच चेन पुली लावून इंजिन उतरवले. माझे मत असे, की १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे आणि पुशरॉडने (लांब दांड्यांनी) झडपा उघडणारे हे साधे इंजिन, ज्याच्याकडे बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, मोजण्याचे साधन), टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळण्याचा पाना) आणि सवड आहे, त्याने परक्या हाती देऊच नये. गॅरेजात घाई असते आणि घाईत सर्वांत आधी मोजमाप सुटते. मूळ ६८ मिलिमीटरचा बोअर मी वर, मध्ये, खाली असा उभा-आडवा मोजला, तेव्हा वरच्या रिंगेच्या टप्प्यात तो ०.१५ मिलिमीटर झिजलेला आढळला. अशा उतरत्या भिंतीवर नव्या रिंगा घातल्या असत्या, तर त्या प्रत्येक फेऱ्यात मिटत-उघडत राहिल्या असत्या आणि वर्षभरात धूर परतला असता.

निवृत्त_फिटर
मोजमाप चोख आहे. निष्कर्ष पटला नाही. बोअर झिजल्याचे कळल्यावर ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) शेवटी सिलिंडर कातून देणाऱ्या बोअरिंगवाल्याकडेच जाणार, क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) ग्राइंडिंगला जाणार आणि हेडचे फेसिंगही (तळ सपाट करणे) तिथेच होणार. घरी उरते ते उघडणे, धुणे आणि जोडणे. आणि माझ्या अनुभवात इंजिन बिघडते ते नेमके धुण्यात. तरुणपणी मी स्वतः घरी एक इंजिन बांधले होते. होनिंग (दगडाने सिलिंडरच्या भिंतीवर बारीक रेघा पाडणे) होऊन आलेला ब्लॉक डिझेलने धुतला, फडक्याने पुसला आणि आरशासारखा दिसतो म्हणून खूश झालो. होनिंगच्या दगडाची बारीक पूड मात्र डिझेलने निघत नाही, ती रेघांमध्ये बसून राहते. त्यासाठी साबण, गरम पाणी आणि ब्रश लागतो, आणि पांढरे फडके पांढरेच निघेपर्यंत घासावे लागते. लगेच ऑइलचा हात फिरवला नाही तर तासाभरात गंज धरतो, हे वेगळेच. दोन हजार किलोमीटरमध्ये माझ्या नव्या रिंगा संपल्या. हे शहाणपण पुस्तकातून नव्हे, चुकांतून येते, आणि हौशी माणसाला ती चूक करायला एकच इंजिन मिळते.

इडलीपात्र
फिटरकाका, चूक गॅरेजही करते. फक्त ती आपल्याला दिसत नाही. माझ्या गाडीच्या मेन बेअरिंगच्या कॅप (क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणारे तुकडे) एका गॅरेजने अदलाबदल करून बसवल्या होत्या. त्या कॅप ब्लॉकला बसवूनच एकत्र बोअर केलेल्या असतात, त्यामुळे जागा बदलली की क्रँक जड फिरतो. मी घरी उघडले तेव्हा कॅपवर खुणा केल्या आणि आठही टॅपेट (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले तुकडे) क्रमाने इडलीपात्राच्या दोन ताटांत ठेवले, कारण झिजलेला टॅपेट दुसऱ्या कॅमवर (झडप उघडणाऱ्या उंचवट्यावर) बसला की दोन्ही खराब होतात. (इडलीपात्र नवे घेऊन द्यावे लागले, हा खर्चही धरावा.)

हिशेबी
पद्मिनीवरून सर्वसाधारण नियम काढू नये. कॉमन रेल डिझेल किंवा टर्बो पेट्रोल अशा नव्या धाटणीच्या गाडीत इंजेक्टर आणि सेन्सर यांचे निदान करायला घरी कोणतेही इडलीपात्र पुरणार नाही. शिवाय ब्लॉकला तडा असेल आणि तो बदलावा लागला, तर इंजिन क्रमांक बदलतो आणि नोंदणी पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते. बोअर करून ओव्हरसाइझ (थोडे मोठे) पिस्टन घातले तर तोच ब्लॉक, तोच क्रमांक. म्हणून खोलण्याआधी ब्लॉक नीट तपासावा. आणि ज्यांची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, त्यांनी या वादात पडूच नये.

कुर्ला_१०८९
हिशेबी यांचे म्हणणे मान्य. माझा दावा जुन्या, साध्या इंजिनांपुरताच आहे. फिटरकाकांचे मात्र अर्धेच मान्य करतो. बोअरिंग मी करणार नाही, पण कारागिराने दिलेले काम बोअर गेज न लावता स्वीकारणारही नाही. पिस्टन आधी त्याच्या हाती देतो, म्हणजे तो प्रत्येक पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करील. ब्लॉक परत आला की साबणाने धुईन, आणि जोडताना आपण समोर बसलात तर चहा माझ्याकडे.

निवृत्त_फिटर
येईन. तोवर कॅपचे नट हाताने फिरवून ठेवा, कुणाला आवळू देऊ नका.