रपेटीला घोडी गटात तापते, पुढच्यांवर धावून जाते. कशी आवरायची?

घाटमाथा:
मारवाडी घोडी, सात वर्षांची, उंची ६० इंच, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. मैदानात एकटी शहाण्यासारखी चालते. पाच-सहा घोड्यांबरोबर मुळशीकडच्या कच्च्या वाटेवर नेली की दहा मिनिटांत कडियाळं (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) चावायला लागते, मान वर काढते, आडवी चालते, पुढच्या घोड्याच्या अंगावर जाते. लगाम खेचला की आणखी जोर करते. परतताना तर आवरतच नाही. कडियाळं साधं, मधे सांधा असलेलं आहे; ‘काटेरी घाला’ असा सल्ला मिळतोय. चंदी म्हणून रोज अडीच किलो हरभरा. रपेट फक्त रविवारी. काय बदलू?

मांड_पक्की:
काटेरी कडियाळं अजिबात नको. एक तर ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनुसार त्याला बंदी आहे, आणि तोंड दुखलं की घोडं मान आणखी वर फेकतं, म्हणजे उरलासुरला ताबाही जातो.

लगामाच्या दोन्ही वाद्या (हातातले पट्टे) सतत ताणून धरल्या की घोडीला रेलायला आधार मिळतो, आणि तिच्या मानेपुढे आपल्या हातांचं काही चालत नाही. म्हणून ओढ आणि सोड. क्षणभर धरा, चाल जराशी मंदावली की त्याच पावलाला सैल सोडा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: घोडी ऐकते, पण हात ताणलेलाच राहतो. मग तिने ऐकावं कशासाठी?

दुसरं, एका वादीने थांबवणं शिकवा. एक हात वादीवरून पुढे सरकवून ती आखूड धरा आणि सावकाश आपल्या मांडीकडे आणा. दुसरी वादी पूर्ण सैल हवी, नाहीतर घोडीला वळताच येत नाही. ती गोल फिरेल, मागचे पाय एकमेकांना ओलांडतील आणि पुढे ढकलणारा जोर तुटेल. पाय थांबले आणि जबडा मऊ झाला की लगेच सोडा. आधी उभ्या उभ्या, मग चालीत (साध्या चालण्यात), मग दुडकीत (हलक्या धावेत), दोन्ही बाजूंनी. मैदानात दोन बोटांनी जमेपर्यंत वाटेवर नेऊ नका.

घोडी चौखूर उधळली असताना मात्र वादी झटक्याने ओढायची नाही, पाय अडखळून दोघंही पडाल. जागा असेल तर मोठ्या वर्तुळात घेऊन वर्तुळ हळूहळू लहान करा. अरुंद कड्यावर किंवा ओल्या जांभ्यावर तेही नको. तिथे एक मूठ आयाळीपाशी मानेवर टेकवून ठेवा आणि दुसऱ्या हाताने ओढ-सोड करा.

आणि तापलेल्या घोडीला ‘उभी राहा’ म्हणू नका, तिला ते सगळ्यात जड जातं. पायांना काम द्या: झाडांमधून नागमोडी, तीन-चार पावलं मागे, पुन्हा पुढे.

खरारा:
आठवड्याला एक रपेट आणि रोज अडीच किलो हरभरा, इथेच निम्मं उत्तर आहे. घोडी ३५० किलोची धरली तर वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे सव्वापाच ते सात किलो कोरडी वैरण द्या आणि चंदी आठ-दहा दिवसांत उतरवत अर्धा-एक किलोवर आणा. एकदम तोडू नका, पोटशूळ होतो. बसून राहिलेल्या घोड्याला पूर्ण चंदी देऊन दुसऱ्या दिवशी पळवलं तर मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. तसं दिसलं तर एक पाऊलही चालवू नका, डॉक्टरांना जागेवर बोलवा.

रविवारऐवजी आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटं काढा. रपेटीआधी अर्धा तास लांब दोरीवर गोल फिरवून दमवा असं पुष्कळजण सांगतात. मला ते पटत नाही. त्याने दमसास वाढतो, शहाणपण नाही. आठ-दहा मिनिटं पुरे, दर दोन मिनिटांनी दिशा बदलत, एक कान तुमच्याकडे वळेपर्यंत.

दुखणंही तपासा. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबत जा. पाठ खाली घेतली, शेपूट झाडली तर खोगीर लागतंय. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर घासून घ्या.

घाटमाथा:
गटात कुठे ठेवू? आणि फारच तापली तर उतरून चाललं तर बिघडेल का?

वाटाड्या:
दुसऱ्या क्रमांकावर, थंड डोक्याच्या घोड्यामागे. तुमच्या घोडीच्या दोन कानांमधून पुढच्या घोड्याच्या मागच्या टाचा दिसल्या पाहिजेत, इतकं अंतर. पहिली वीस मिनिटं सगळ्यांनीच चालीत. न सांगता कुणी कॅंटर (दुडकीपेक्षा वेगाची धाव) धरायचा नाही. ओढ्यावर शेवटचं घोडं पलीकडे येईपर्यंत थांबायचं, मागे राहिलेलं घोडंच बिथरतं.

उन्हातून दाट सावलीत शिरताना घोडी बुजली तर रागावू नका. तिच्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सावलीच्या कडेला क्षणभर थांबू द्या.

परतीला: न सांगता वेग वाढला की तोंड फिरवा, वीस पावलं घरापासून लांब, मग पुन्हा घराकडे. शेवटचा किलोमीटर चालीतच. पागेत पोहोचल्यावर लगेच वैरण टाकू नका. अंगणात दहा मिनिटं काम घ्या, मग खोगीर उतरवा.

उतरल्याने काही बिघडत नाही. फक्त ती पुढचे पाय उचलायच्या आधी उतरा, दोन्ही पाय रिकिबीतून काढून. उचललेच तर पुढे वाका आणि लगाम सैल करा. खेचलंत तर ती मागे उलटते. खाली उतरल्यावर खांद्याशी उभे राहा, समोर नाही, आणि वादी हाताला गुंडाळू नका. मान खाली आली, ओठ चावू लागली की पुन्हा बसा.

मांड_पक्की:
परतीचा हा व्यायाम पहिल्यांदा वीस-पंचवीस वेळाही करावा लागतो. एका शांत घोड्याला सोबत घेऊन जा, बाकी गट त्या दिवशी नको, आणि उजेडात घरी पोहोचाल इतका वेळ हाताशी ठेवून निघा.