आयटीआय सोडून फौज धरलेल्याचा अनुभव

दहावी झालेल्या तुमच्या गाडीवेड्या पुतण्याला आयटीआयला घालावं की सरळ फौजेत पाठवावं, असं तुम्ही विचारलंय म्हणून लिहितोय. मी नाशिकच्या सातपूरचा. मोटार मेकॅनिकचा प्रवेश सोडून ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात गेलो. वाटलं, दिवसभर इंजिनं उघडायची. उघडली, पण आधी परेड, रायफल आणि पहाटेचं पळणं. आणि ट्रेड, म्हणजे कामाचा प्रकार, आपण मागायचा, मिळेल तो घ्यायचा. लडाखला स्टॅलियन ट्रकचं डिझेल गोठायचं. पान्याला उघडं बोट लागलं की कातडी चिकटायची. त्या हातांनी जे शिकलो ते कुठल्या वर्कशॉपात शिकलो नसतो, हे मात्र खरं.

पण माझा काळ वेगळा होता. २०२२ पासून भरतीची अग्निपथ योजना आहे: ४ वर्षं, नंतर फार तर २५ टक्के कायम. बाकीचे घरी. शिवाय साडेसतराच्या आत घेतच नाहीत, मग तोवर पोरगं करणार काय? दोन वर्षांचा आयटीआय करू द्या. दहावीनंतर तो केलेल्यांना अग्निवीर टेक्निकलला, म्हणजे त्याच योजनेतल्या तांत्रिक जागांना, अर्ज करता येतो.

आणि हो, नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र आहे म्हणून पोस्टिंग घराजवळ मिळेल, असं वहिनींना सांगू नका. माझ्या आईला तसंच सांगितलं होतं.