ओसरीतला लग्नाचा फोटो: गोतावळ्याच्या ग्रुपवरची चर्चा

दारव्ह्याचे काकाजी: राम राम मंडळी. वाड्यातल्या ओसरीतली लग्नाच्या ग्रुप फोटोची मोठी फ्रेम कोणं नेली? भिंतीवर नुसता खिळा राह्यला. विचारून तं न्यायची.

वरुडचा दादा: मी आणली काकाजी. भिंतीले ओल आली, मागचा पुठ्ठा फुगला होता. उद्या चौकात लॅमिनेशन करून घेतो म्हणजे कायमचं काम झालं.

यवतमाळची वहिनी: भाऊजी, लॅमिनेशन नका करू! गरम रोलरमधून प्लास्टिक एकदा चिकटलं की परत निघत नाही. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो उष्णता अन् ओल दोन्हीनं मऊ पडतो. ओल आत कोंडली तर बुरशी आतच वाढते.

नागपूरची ताई: फोटोचं होईल. मोठीआईले आधी नावं विचारा. त्या फोटोतले सगळे चेहरे ओळखणारी आता ती एकटीच हाय.

वरुडचा दादा: डाव्या कोपऱ्यात फोटो काचेले चिकटला. ब्लेडनं सोडवतो.

यवतमाळची वहिनी: ब्लेड अजिबात नको. दमटपणात जिलेटिन फुगून काचेवर बसतं अन् वाळलं की गोंदासारखं धरतं. ओढलं तर चेहरा काचेवर राहतो, कोरा कागद हातात येतो. काचेसकटच कॉपी काढा. काच बाहेरून कोरड्या मऊ कपड्यानं पुसा, स्प्रे मारू नका, कडेनं आत झिरपतो. घरगुती पातळ स्कॅनरवर काचेच्या जाडीमुळं धूसर येतं, त्यापेक्षा मोबाइल बरा. दाराजवळ सावलीत फ्रेम ठेवा, उजेड एका बाजूनं, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोले अगदी समांतर. जरा लांबून दुप्पट झूमवर घ्या म्हणजे कडा वाकत नाहीत. काचेत आपलीच सावली दिसते, त्यासाठी काळ्या कपड्याले लेन्सएवढं भोक पाडून तो मधात धरा.

दारव्ह्याचे काकाजी: हे सगळं बराबर. पण विचारून तं न्यायची.

पुसदचे जावईबापू: नमस्कार मंडळी. दुसऱ्या रांगेतले फेटेवाले आमच्या पुसदकडचे वाटतात. आमच्या बाजूची माणसं या ग्रुपवर कोणाला आठवतही नाहीत म्हणून सांगितलं.

मोर्शीची आत्या: जावईबापू, ते माझे सख्खे मामा. पुसदचं कोणी त्या लग्नाले आलंच नव्हतं, अन् काहून आलं नव्हतं ते सर्वाईले माहीत हाय.

पुसदचे जावईबापू: आत्याबाई, आमंत्रण मिळालं तर माणूस येतो.

नागपूरची ताई: राजेहो, म्हणूनच सांगून राह्यली. मोठीआईले नावं विचारा.

अकोल्याचा पुतण्या: हे पाहा 🔥 फोटोतले आबाजी ॲपनं साफ केले. एकदम हिरो!

मोर्शीची आत्या: हे आबाजी नोहेत. भिकबाळी कुठी गेली? नाकही दुसऱ्याचंच लावलं.

अकोल्याचा पुतण्या: मग मोबाइलवर हेच डीपी ठेवू का 😄

वरुडचा दादा: ठेव, पोट्टीवाल्यांले दाखवाले कामी येते 😂

यवतमाळची वहिनी: आत्याबाई बरोबर बोलल्या. जिथं डाग असतो तिथं ॲप अंदाजानं चेहरा भरतं. मूळ कॉपी हात न लावता वेगळी ठेव अन् यावर फाइलच्या नावातच ‘ॲपनं केलेला’ लिही. नाही तर पुढच्या पिढीत हाच फोटो खरा म्हणून चालेल. अन् फोटो टाकायचे तर डॉक्युमेंट म्हणून टाका, साधे टाकले की ग्रुपवर बारीक होऊन येतात. सुटे फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाले ६०० ठिपके), पासपोर्टएवढे असले तर १२०० वर स्कॅन करा.

दारव्ह्याचे काकाजी: मागं नावं लिहून ठेवू का? बॉलपेन हाय.

यवतमाळची वहिनी: बॉलपेन नको काकाजी, दाबानं पुढच्या बाजूनं उमटते अन् शाई झिरपते. मऊ पेन्सिल, ४बी, कडेले हलक्या हातानं. रंगीत फोटोच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथं लिफाफ्यावर लिहा, फोटो नंतर आत घाला. चिकट पानाच्या अल्बमातले फोटो नखानं उचकटू नका, मागून दात साफ करायचा धागा करवतीसारखा हळूहळू फिरवा. नाही सुटला तर पानासकट स्कॅन करा.

नागपूरची ताई: पुन्हा लिहून राह्यली. मोठीआईले नावं विचारा. अन् नुसतं “सांग बरं” म्हणू नका. फोटोची मोठी प्रिंट काढा, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाका अन् रेकॉर्डिंगमधी आकडा बोला, “सात नंबर कोण?” पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर, घडी केलेल्या टॉवेलवर हातभर अंतरावर. टेबलावर ठेवला तं कपबशीचा खणखणाट येते. घाईनं पुढचा प्रश्न टाकू नका, गप्प बसलं की तीच पुढचं सांगते.

मोर्शीची आत्या: तिले सन नाही सांगता येत.

नागपूरची ताई: सन नाही विचाराचं आत्या. गाडगेबाबा गेले (डिसेंबर १९५६) त्याच्या आधीचं का नंतरचं? नवे पैसे आले (एप्रिल १९५७) तवा? तुकडोजी महाराज गेले (१९६८) तवा? ७२ च्या दुष्काळात? असं विचारलं की वर्ष हाती लागते. मग कागदाशी ताडून पाहाचं.

दारव्ह्याचे काकाजी: कागद म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. तहसीलमधी अर्ज करून नक्कल मिळते. पण जन्माच्या नोंदीत लय वेळा पोराचं नावच नसते, बापाचं नाव अन् मुलगा का मुलगी एवढंच. म्हणून शाळेचं दाखल-खारीज संगं पाहाचं. अन् १९५६ च्या आधीच्या कागदावर मध्य प्रदेश नाही तं मध्यप्रांत व वऱ्हाड दिसलं तं दुसऱ्या गावचा कागद समजून फेकू नका, आपलाच हाय.

पुसदचे जावईबापू: आमच्याकडे त्याच लग्नाची छापील पत्रिका आहे. तिच्यावर तिथी आहे. डॉक्युमेंट म्हणून टाकतो.

मोर्शीची आत्या: टाका जावईबापू. मामाचं नावही असंल तिच्यात.

वरुडचा दादा: रविवारी फ्रेम घेऊन वाड्यावर येतो. तवरक कुठी ठेवू?

यवतमाळची वहिनी: आडवी, कपाटात. बाहेरच्या भिंतीले टेकवू नका अन् डांबरगोळ्या जवळ नकोत.

दारव्ह्याचे काकाजी: सकाळीच येजो, दहाच्या आत. जेवल्यावर मोठीआई झोपते. अन् फ्रेम त्या खिळ्यावर परत टांगाची नाही, प्रिंट काढून ती टांगू.